पहिल्या बाप्तिस्म्याचा दाखला

विनिता आढावला धर्म बदलायचा नव्हता. ती जन्मापासून ख्रिस्ती होती आणि मरेपर्यंत ख्रिस्तीच राहणार होती. तिला एवढंच हवं होतं, की प्रोटेस्टंट मंडळी सोडून कॅथलिक व्हायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय एवढं? दुपारी तिच्या वडिलांच्या सोबतीला बसणारी शेलार गावची ठकुबाई तर एकदा सरळ म्हणाली होती, "येशू त्योच हाय ना? मंग या दारानं जा न्हाय तर त्या दारानं." ठकुबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली नाताळचा केक कुठल्या चर्चात चांगला मिळतो याबद्दल बोलत होती. पण विनिताच्या हातातला चहा बशीत सांडला होता.

घोडं अडलं होतं एका सहीवर. आणि सही ज्या माणसाची हवी होती, त्याच्या डोळ्यांत विनिता रोज सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घालत होती.

रेव्हरंड दौलत आढाव, तिचे वडील, मूळचे राहुरीकडचे. त्रेचाळीस वर्षांपूर्वी भिवंडीच्या मराठी मंडळीचे पाळक म्हणून आले ते इथलेच झाले. मंडळी बावीस घरांची. चर्च म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची एक लांबट खोली. भिवंडीत मागांना सुट्टी शुक्रवारी, रविवारी ते जोरात चालतात. त्यामुळे पाळकसाहेबांची सगळी हयात खडखडाटावर आवाज चढवून उपदेश करण्यात गेली, आणि ती सवय घरातही आली. जेवताना मीठ मागायचं तरी ते व्यासपीठावरून मागितल्यासारखं मागत. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेले, तरी मंडळीनं त्यांना निवृत्त केलं नाही. नवा पाळक ठेवण्याची ऐपत नव्हती हे एक, आणि निवृत्त हो म्हणून त्यांना सांगणार कोण, हे दुसरं.

मग डोळ्यांचं काम विनिता करू लागली. आठवड्याचे सहा दिवस ती मानकोलीच्या बाजूला एका मोठ्या गोदामात नोकरी करी. लोकांनी परत पाठवलेल्या मालावर परतीचं कारण लिहायचं, हे तिचं काम. साइज चुकली, रंग आवडला नाही, मन बदललं. मन बदललं यालाही तिथं एक ठरलेला आकडा होता, आणि तो टाकला की वस्तू विनातक्रार परत घेतली जाई. रविवारी ती मंडळीची सचिव. बाप्तिस्म्याचे, लग्नाचे, दफनाचे सगळे दाखले तिच्या अक्षरात. ती वडिलांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवी आणि ते सही करत.

पण पाळकसाहेबांचा एक नियम होता. कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याखेरीज सही नाही. "मला दिसत नाही म्हणजे मी कशालाही मान डोलावीन असं नाही," ते म्हणत. विनिता वाचायची, ते ऐकायचे, मध्येच एखादी वेलांटी चुकली असेल अशी शंका काढायचे, आणि मग पेन मागायचे.

हे सगळं सुरू झालं प्रितमपासून. प्रितम तिचा धाकटा भाऊ, पाच वर्षांनी लहान. चांगला गाणारा, हसरा, आणि पिण्याच्या पायी सगळ्याची माती केलेला. आधी उपासना सुटली, मग नोकरी सुटली, मग एका रविवारी तो झिंगून चर्चच्या दारात उभा राहिला आणि आतल्या लोकांना नावं ठेवू लागला. पाळकसाहेबांनी त्याचं नाव सभासदांच्या यादीतून काढलं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी थोडं सबुरीनं घ्या म्हटलं, पण ते ऐकेनात. घरच्याला एक नियम आणि दारच्याला दुसरा हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यानंतर तीन महिन्यांनी भिवंडी-वाडा रस्त्यावर प्रितमची बाइक ट्रकखाली गेली. नाव काढलेलं ते काढलेलंच राहिलं.

दफनाच्या दिवशी संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत विनितानं डोळे मिटून सुरुवात केली, "प्रभो, आमच्या प्रितमला..." आणि वडिलांनी तिला थांबवलं. "विनू, त्याच्यासाठी मागायचं आता काही राहिलं नाही. तो न्यायाधीशापुढे उभा आहे. आपण आपल्यासाठी मागू." हे ते निष्ठुरपणानं म्हणाले नव्हते. मेलेल्यासाठी प्रार्थना करायची नसते, हे त्यांनी सगळ्यांच्या प्रेतांपुढे सांगितलं होतं, तेव्हा स्वतःच्या मुलाच्या वेळी ते वेगळं कसं सांगणार? त्या दिवशी मात्र आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला होता. विनिताचं ते अर्धं वाक्य तिथं अडकलं ते अडकलंच. रोज रात्री तेवढंच यायचं, आमच्या प्रितमला, आणि पुढे काही नाही.

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, गोदामातली एक वसईची मैत्रीण तिला कॅथलिक चर्चमध्ये घेऊन गेली. त्या दिवशी ते लोक आपल्या मेलेल्या माणसांची आठवण करतात. दारात एक डबा होता आणि चिठ्ठ्या होत्या. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव लिहायचं, टाकायचं. विनितानं लिहिलं: प्रितम. तो कसा मेला, पीत होता का, यादीत होता का, कुणी विचारलं नाही. फादरनं डब्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसाठी देवाकडे विसावा मागितला. विनिता बाकाला धरून अशी रडली, की पुढच्या ओळीतल्या केरळी नर्सनं वळून आपला रुमाल दिला.

एका चिठ्ठीपायी कोणी पंथ बदलत नाही. विनिताही बदलत नव्हती. ती फक्त पुन्हा गेली, मग पुन्हा. शनिवारी संध्याकाळी मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, असे. घरी ती ओव्हरटाइम सांगायची. सुरुवातीला तिथं तिचं सगळंच चुकायचं. लोक जय ख्रिस्त म्हणायचे, तिच्या तोंडून नगरकडच्या ख्रिस्ती माणसासारखा सलाम निघायचा. पवित्र मरियेच्या पुतळ्यासमोरून ती जरा अंग चोरून जायची, जशी एखादी बोलणं नसलेल्या शेजारणीच्या दारावरून जाते. आणि प्रभूची प्रार्थना! प्रोटेस्टंट माणूस वाइटापासून सोडव म्हटल्यावर थांबत नाही, लगेच राज्य, पराक्रम आणि गौरवाची शेवटची ओळ म्हणून मोकळा होतो. कॅथलिक तिथं थांबतात आणि फादर एकटा पुढचं बोलतो. पहिल्या शनिवारी सगळं चर्च थांबलं आणि विनिता भरधाव पुढे. पाळकाची मुलगी, मागांवरून आवाज चढवायची सवय. फादरचा आवाजच ऐकू येईना. मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं. लाजेनं तिचे कान तापले. पण पुढे पुढे तिला ते थांबणंच आवडायला लागलं. सोडव म्हणायचं आणि गप्प राहायचं. गुडघे टेकायचे आणि कुणाला काही पटवून द्यायचं नाही. दोन वर्षांनी तिला कळून चुकलं, की रविवारी ती वडिलांच्या मंडळीत ड्युटी करते आणि देवाला भेटायला शनिवारी जाते.

ती फादर ऑल्विनना जाऊन म्हणाली, "मला कॅथलिक व्हायचंय. बाप्तिस्मा घ्यायला तयार आहे."

फादर ऑल्विन वसईचे, तरुण, हसतमुख. "तुमचा झालाय ना लहानपणी? पाण्यानं? पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं?"

"हो. पप्पांनीच दिलाय."

"मग झाला. बाप्तिस्मा एकदाच होतो, बाई. तुमच्या वडिलांनी दिलेला मी कोण पुसणार? बाकीचं शिक्षण, संस्कार करू ईस्टरला. फक्त त्यांच्याकडून दाखला आणा."

तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण दाखल्यावर सही पप्पांचीच लागणार होती. "आणि दाखला नाही मिळाला तर?"

"दोन साक्षीदार आणा, त्या वेळी हजर असलेले. तेही नसतील, आणि झाला की नाही याची खरोखरच शंका असेल, तर झाला नसल्यास आता देतो असं म्हणून देता येतो. पण तुम्हाला शंका आहे का?"

शंका कुठून असणार? मंडळीचं रजिस्टर तिच्याच कपाटात होतं. भिवंडीत आल्यावर पाळकसाहेबांनी नवं रजिस्टर सुरू केलं, त्याची पहिली ओळ तिची होती. नोंद क्रमांक एक, विनिता, वय तीन महिने. त्यांना दीक्षा मिळून आठ दिवस झाले होते. त्यांच्या हातून झालेला पहिला बाप्तिस्मा. साक्षीदारांपैकी जिवंत एकच, दिघाशीचे चांगदेवकाका, आणि त्यांना सांगणं म्हणजे बावीस घरांना सांगणं. मग पुढचं काय होणार हे तिला तोंडपाठ होतं. सचिव गेली, वाचणारी गेली, गीत उचलून धरणारी गेली, एवढ्यावर भागणार नव्हतं. ज्या बापानं मुलाचं नाव यादीतून काढलं, त्याला मुलीचंही काढावं लागणार होतं. ते काढतील, आणि त्यानंतर त्यांच्यात काही उरणार नाही, याबद्दल तिला तीळभर शंका नव्हती.

तरी तिनं दाखला लिहिला. जेवणाच्या सुट्टीत, गोदामातल्या टेबलावर, छापील फॉर्मवर स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात. तो कागद पाच आठवडे तिच्या पर्समध्ये डब्याशेजारी राहिला. घरात गेलं की पर्स जड वाटायची. शनिवारी रविवारची लाज, रविवारी शनिवारची. मध्ये कुठं उभं राहावं असा एक वारही शिल्लक नव्हता.

सहाव्या रविवारी उपासनेनंतर घरी आल्यावर पाळकसाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सहीचं काही आहे का?"

होतं. चांगदेवकाकांची पणती मृणाली, तिला शाळेसाठी दाखला हवा होता. विनितानं वाचला, त्यांनी ऐकला, सही झाली. पेन अजून त्यांच्या हातात होतं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"मृणालीचाच. दुसरी प्रत." हे कसं बोलून गेली तिचं तिला कळलं नाही.

"वाच."

विनितानं पर्समधला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि मघाचंच पुन्हा वाचलं. मृणालीचं नाव, मृणालीच्या आईबापांची नावं, मृणालीची तारीख. तोंड मृणाली म्हणत होतं आणि डोळ्यांपुढे विनिता होतं. वडिलांनी नेहमीप्रमाणे मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं. पहिल्यापेक्षा दुप्पट लक्ष देऊन, असं तिला वाटलं. तिनं त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं. बोट गरम होतं, विश्वासानं सैल सोडलेलं. पेन कागदाला लागलं, दौ उमटलं, आणि विनितानं कागद खस्सकन ओढून घेतला.

"पप्पा, थांबा. हा मृणालीचा नाही."

"मग वाच नीट."

तिनं वाचलं. "दाखला देण्यात येतो, की विनिता दौलत आढाव..." पुढे तिला वाचवेना.

पुढचं त्यांनी पुरं केलं. तारीख, वार, आईचं नाव गुणाबाई, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव. एक अक्षर चुकलं नाही. मग म्हणाले, "शनिवारचा ओव्हरटाइम मिस्सा संपल्यावर सुटतो का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. वर्ष झालं, घरच्या प्रार्थनेत तू वाइटापासून सोडव म्हणून थांबतेस. शेवटची ओळ मी एकटाच म्हणतो. मला दिसत नाही, विनू. ऐकू येतं."

ती त्यांच्या पायाशी खाली बसली. वर्षभर हा माणूस रोज रात्री एकटा शेवटची ओळ म्हणत होता आणि चकार शब्द बोलला नव्हता. तिला राग आला, दया आली, आणि दोन्हींचं काय करावं ते सुचेना.

"मूर्तीपुढे हात जोडायला जातेस?"

"प्रितमसाठी जाते. म्हणजे, आधी त्याच्यासाठी गेले. आता माझ्यासाठीच जाते, पप्पा. मी खोटं नाही बोलणार."

"आत्ताच बोललीस. मृणालीचं नाव घेऊन." ते म्हणाले, "ते तुला पुन्हा पाणी देणार?"

"नाही. तुम्ही दिलेला त्यांना मान्य आहे. फादर म्हणाले, तुमच्या वडिलांनी दिलेला मी कोण पुसणार. म्हणून तर तुमची सही हवी."

चाळीस वर्षं पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं, की ते लोक आपल्याला मोजत नाहीत. "मान्य आहे म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"हो."

क्षणभर त्यांचा चेहरा कुणीतरी पाठ थोपटल्यासारखा उजळला, आणि लगेच विझला. "पहिला बाप्तिस्मा होतीस तू माझ्या हातचा," ते म्हणाले. "हात असे कापत होते, की गुणा मागनं कुजबुजली, पोर पडेल. मी म्हटलं, पडू देणार नाही. पुढं शेकडो झाले, पण हात कापले ते तेव्हाच. आणि नेमका तोच मी सही करून त्यांच्या हवाली करू?"

"पप्पा..."

"नाही करणार. पण तुला अडवणारही नाही. दुसरा कागद घे. लिही, की सदर व्यक्तीच्या बाप्तिस्म्याची नोंद आढळून आली नाही. त्यावर सही करतो. मग ते तुला नव्यानं घेतील, त्यांच्या पाण्यानं. माझं मला राहू दे."

विनिताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वाचून दाखवल्याशिवाय मीठमिरचीच्या यादीलाही हात न लावणारा माणूस.

"तुम्ही खोट्यावर सही करणार?"

"करणार!" आवाज एवढा चढला, की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. मग तो आवाज खाली उतरला. "प्रितमच्या वेळी सगळं खरंखरं लिहिलं. काय मिळालं?"

कोरा कागद समोरच होता. पेन त्यांच्या हातात. पाच मिनिटांचं काम. ईस्टरला ती कॅथलिक झाली असती, बावीस घरांना कळायला आणखी वर्ष लागलं असतं, आणि तोवर काहीतरी मार्ग निघाला असता. फक्त फादर ऑल्विनपुढे मान वाकवून, आपल्यावर कधी पाणी पडलंच नसल्यासारखं उभं राहायचं. तीन महिन्यांचं ते पोर, ते कापणारे हात, मागं उभी असलेली आई, हे कधी घडलंच नाही म्हणायचं. विनितानं पेनाकडे हात नेला. मग मागे घेतला.

"मी नाही लिहिणार ते."

"मग काय करणार?"

"थांबते."

"कशासाठी थांबतेस? मी बदलणाऱ्यातला नाही."

"माहीत आहे. पुढंमागं नवा पाळक येईल, तेव्हा त्याची..." नवा पाळक केव्हा येणार, हे या घरात एकाच गोष्टीवर ठरणार होतं. तिनं घाईघाईनं ओठ मिटले, पण शब्द सुटून गेले होते.

पाळकसाहेब रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, दोनदा चुकून तिसऱ्यांदा बसवलं. मग विचारलं, "गेल्या महिन्यात दवाखान्यात हृदयाचा कागद दिला होता. त्यात काय लिहिलं होतं? वाचून दाखवला होतास तू."

"सगळं चांगलं आहे, पप्पा. डॉक्टर म्हणाले, तरुण माणसासारखं आहे."

"मग बरंच थांबावं लागेल तुला," ते म्हणाले. त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. तिची गैरसोय करत असल्यासारखं, थोडं ओशाळून म्हटलं होतं.

"असू दे," विनिता म्हणाली. वडिलांचं हृदय चांगलं आहे याचा तिला खराखुरा आनंद होता. आणि त्याच आनंदाच्या खाली, बोटभर अंतरावर, त्यांच्या वयाचा एक हिशेब सुरू झाला होता, शहात्तर, ऐंशी, पंच्याऐंशी, आणि तो तिला थांबवता येत नव्हता. असलं काही मनात आलं, की कॅथलिक माणूस फादरसमोर गुडघे टेकतो, सांगून टाकतो आणि मोकळा होतो. विनिताला ती सोय कॅथलिक झाल्यावरच मिळणार होती.